कापलेला पत्ता

दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि गावावर धान चुरण्याची धूळ उतरली होती. आमच्या साकोलीच्या बाजूला या दिवसांत सहा वाजताच अंधार दाटतो आणि तणसाचा, धुराचा, ओल्या बांधीचा मिळून एक वास औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन थांबतो. सर्दी-खोकल्याचे गिऱ्हाईक याच दिवसांत वाढते. त्यामुळे ती मुलगी नाक ओढत काउंटरशी उभी राहिली, तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलेही नाही. हात सवयीने डावीकडच्या खणात गेला, गोळ्यांचा पत्ता निघाला, कात्रीने चार गोळ्यांचा तुकडा कापला आणि पुडीत घालून मी तो तिच्यापुढे सरकवला. तिने तुकडा पुडीतून बाहेर काढला, उलटा केला, बल्बखाली धरला आणि म्हणाली, "काकाजी, याच्यावर नाव नाही." मी म्हटले, "सर्दीची गोळी होय. सकाळ-संध्याकाळ घे, दोन दिवसांत बरं वाटते." ती जागची हलली नाही. "तसं नाही. बाकीचा पत्ता दाखवता काय?"

मी उरलेला पत्ता दिला. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळवावेत तसे तिने ते काचेवर एकमेकांना लावले. माझी कात्री नेमकी घटकांच्या यादीवरून गेली होती. अर्धे शब्द तिच्या तुकड्यावर होते आणि अर्धे माझ्या. तिने बोट ठेवून अक्षरे जुळवली, मोबाईल काढून त्यात काही तरी पाहिले आणि तो तुकडा पुडीसकट माझ्याकडे परत सरकवला. "यात स्यूडोएफेड्रिन आहे. परवा पोहण्याची स्पर्धा आहे माझी, खेळाडूला हे चालत नाही." मग मी खोकल्याची बाटली काढली. तिने खोका फिरवून बारीक अक्षरे वाचली आणि तीही परत ठेवली. "टर्ब्युटालिन. हे तर कधीच चालत नाही, काकाजी. स्पर्धा असो की नसो." तिच्या बोलण्यात कुरकुर नव्हती, शहाणपणा मिरवणेही नव्हते. ज्या सुरात बाया तांदूळ पाखडताना "यात खडा आहे" म्हणतात, त्याच सुरात ती बोलली आणि काही न घेता निघून गेली. मी त्या दोन तुकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. अठ्ठावीस वर्षे या काउंटरमागे उभा आहे. कापून गेलेल्या नावाची मागणी तोवर कोणीही केली नव्हती.

पत्ता कापणे ही आमच्या धंद्यातली साधी गोष्ट आहे. खेड्यातल्या माणसाला दहा गोळ्या परवडत नाहीत, त्याला चार पुरतात, आणि चार दिल्या नाहीत तर तो त्या चारही घेत नाही. कायद्याला जे अपेक्षित आहे आणि काउंटरवर जे घडते, त्यांच्यामधली जागा कात्रीने भरून निघालेली असते. मात्र कापताना कोणत्या तुकड्यावर नाव जाते, कोणत्यावर तारीख राहते, हे मी कधी पाहिले नव्हते.

ही मुलगी आमच्या गावच्या तलावावर वाढलेली. तलाव म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारीतला, ज्याच्या पाळीवर आमच्या सगळ्यांचे लहानपण गेले. तिचे वडील मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत. पहाटे डोंगा घेऊन जाळे काढायला जातात आणि हिवाळ्यात शिंगाड्याचा ठेका असेल तर दिवसभर छातीएवढ्या पाण्यात असतात. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी त्यांनी तिच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून तिला पाण्यात सोडले, आणि महिन्याभरात तिने तो भोपळा स्वतःच सोडून पाळीवर ठेवला, ही गोष्ट ते अजून सांगतात. "पाण्यात शिरली का मंग ते आपली रायत नाही," असे ते म्हणतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असतो की काळजी, हे मला कधी कळलेले नाही. शाळेतल्या एका गुरुजींनी तिला तालुक्याच्या स्पर्धेला नेले, तिथून जिल्ह्याला, आणि आता ती नागपूरला मावशीकडे राहून पहाटे पाचला तरणतलावावर जाते. तलावाच्या गढूळ, गवताळ पाण्यात डोळे मिटून पोहणाऱ्या मुलीला निळ्या फरशीवरच्या काळ्या रेघेवर नजर ठेवून पोहायला शिकावे लागले. क्लोरीनने तिचे केस तांबूस झाले आहेत. सुटीत गावी आली की सकाळी ती तलावात उतरते, आणि पाळीवर धुणे धुणाऱ्या बाया हात थांबवून तिच्याकडे पाहतात.

त्या रात्री मला माझा आजा आठवला. त्याला दमा होता, आणि आमच्या भागात दम्याचा मोसम आणि धानाचा मोसम एकच. दिवसभर खळ्यावर काम करून तो ओसरीत झोपायचा आणि मध्यरात्री त्याच्या छातीतून बारीक शिटी सुरू व्हायची. आधी ती झोपेत मिसळून जायची, मग वाढत वाढत इतकी मोठी व्हायची की मी जागा व्हायचो. तो उठून बसलेला असायचा, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून, खांदे कानांपर्यंत वर. बोलता येत नसे. तो फक्त कोनाड्याकडे बोट करायचा. कोनाड्यात तंबाखूच्या जुन्या डबीत पांढऱ्या गोळ्या असत. मी डबी उघडून एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवायचो, माठातले पाणी द्यायचो, आणि मग आम्ही दोघे वाट पाहायचो. अर्ध्या-पाऊण तासाने शिटी उतरायची. पण आजा मग पहाटेपर्यंत झोपत नसे. त्याचे हात थरथरत, डोळे चकाकत, आणि एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारा तो माणूस अंधारात मला वैनगंगेच्या पुराच्या गोष्टी सांगत बसे. मला त्या रात्री आवडायच्या, हे आज लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

त्या गोळीत काय होते, हे मला नागपूरला औषधनिर्माणशास्त्राची पदविका करताना कळले. एफेड्रिन, थिओफायलिन आणि झोपेसाठी थोडे फिनोबार्बिटोन. एफेड्रिन श्वासनलिका सैल करते आणि त्याच वेळी हृदयाला टाच मारते. आजाच्या गोष्टी त्या टाचेतून येत होत्या. फळ्यावर एफेड्रिनची रचना काढून झाल्यावर आमच्या सरांनी खडू ठेवला आणि अमेरिकेच्या एका पोराची हकीकत सांगितली. ती परीक्षेला येणार नव्हती म्हणून मी वहीत लिहिली नाही, आणि पुढे विसरूनही गेलो. त्या मुलीने जुळवलेल्या पत्त्यावर स्यूडोएफेड्रिन हा शब्द वाचला, तेव्हा ती पुन्हा वर आली. रात्री जेवण झाल्यावर मी मोबाईलवर शोधून ती पुरती वाचली.

रिक डीमाँट हे त्याचे नाव. १९७२ मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत उतरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याने ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरला हरवले, ४ मिनिटे ०.२६ सेकंद विरुद्ध ४ मिनिटे ०.२७ सेकंद. एका सेकंदाचे शंभर तुकडे केले तर त्यातला एक. या पोराला लहानपणापासून दमा होता. आदल्या रात्री छाती घरघरू लागली म्हणून त्याने आपली नेहमीची, डॉक्टरांनी लिहून दिलेली मॅरॅक्सची गोळी घेतली. मॅरॅक्समध्ये एफेड्रिन आणि थिओफायलिन, म्हणजे जवळजवळ आजाची डबीच. शर्यतीनंतरच्या तपासणीत एफेड्रिन सापडले. त्यानंतर १५०० मीटरची अंतिम शर्यत होती, आणि त्या अंतराचा जागतिक विक्रम त्या वेळी त्याच्याच नावावर होता. शर्यतीपूर्वी, तलावाच्या काठावर आलेला असताना, त्याला सांगण्यात आले की तुला पोहता येणार नाही. पुढे सुवर्णपदकही परत घेण्यात आले आणि ते कूपरला गेले.

आपण कोणती औषधे घेतो, याचा अर्ज त्याने भरला होता. मॅरॅक्सचे नावही त्यात लिहिले होते.

इथे माझे वाचणे थांबले. अमेरिकी पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तो कागद होता. त्यांनी तो नीट पाहून गोळी बदलून दिली असती, किंवा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला वेळेत कळवले असते, तर प्रकरण उभेच राहिले नसते. तो कागद कुठल्या तरी फायलीत पडून राहिला आणि पोराचा पत्ता कटला. अमेरिकी ऑलिंपिक समितीने आपली चूक मान्य केली ती २००१ मध्ये, म्हणजे एकोणतीस वर्षांनी. आंतरराष्ट्रीय समितीने पदक आजतागायत परत दिलेले नाही. तोवर डीमाँट प्रौढ प्रशिक्षक झाला होता, अॅरिझोना विद्यापीठात पोरांना पोहायला शिकवत होता आणि जलरंगात निसर्गचित्रे काढत होता. पोहणाऱ्या माणसाने जलरंग निवडावेत, यात मला उगाचच काही तरी दिसते. कदाचित तसे काही नसेलही. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. म्युनिकच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत हाच डीमाँट ४०० मीटर ३ मिनिटे ५८.१८ सेकंदांत पोहला. चार मिनिटांच्या आत येणारा तो जगातला पहिला माणूस. दुसरा कूपर होता, त्याच शर्यतीत, त्याच्या मागोमाग. त्या दोघांनी काठावर हात टेकवल्यावर एकमेकांकडे पाहिले असेल काय, हे कुठे लिहिलेले मला सापडले नाही आणि मी फार शोधलेही नाही.

मला खरा राग आला तो पुढचे वाचताना. म्युनिकनंतर चार वर्षांनी, माँट्रियलला १९७६ मध्ये, पूर्व जर्मनीच्या मुलींनी पोहण्याच्या महिलांच्या १३ शर्यतींपैकी ११ जिंकल्या. कॉर्नेलिया एंडर हिने एकटीने चार सुवर्णपदके घेतली. बर्लिनची भिंत पडल्यावर जुने दप्तर उघडले तेव्हा कळले की त्या मुलींना प्रशिक्षक आणि डॉक्टर निळ्या गोळ्या देत होते. त्यांना सांगितले जाई की या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत. ते ओरल-ट्युरिनाबोल होते, पुरुषी संप्रेरकासारखे काम करणारे स्टेरॉइड, आणि सरकारी योजनेला 'राज्य योजना १४.२५' असा क्रमांकही होता. कित्येक मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पुढे गर्भारपणात त्रास झाले. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने पूर्व जर्मनीचा क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवले. शिक्षा निलंबित, म्हणजे तुरुंग नाही. माँट्रियलची पदके मात्र जिथे होती तिथेच राहिली. माझ्यासारख्या दुकानदाराला हा हिशेब जुळवता येत नाही. कागदावर नाव लिहून गोळी घेणाऱ्या दम्याच्या पोराचे पदक गेले आणि देशाच्या तिजोरीतून वाटलेल्या निळ्या गोळ्यांची पदके राहिली. त्यातही मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या मुलींपुढे कोणी तरी गोळी तळहातावर ठेवली होती आणि त्यांनी नाव न विचारता ती घेतली होती, कारण देणारा आपला होता. माझ्याकडून चार गोळ्यांची पुडी घेताना माझे गिऱ्हाईकही नाव विचारत नाही, आणि कारण तेच असते.

आजचा नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. कोणी दिले, का दिले, माहीत होते की नव्हते, हे प्रश्न दोष ठरल्यानंतर शिक्षेच्या वेळी येतात. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा नियम निर्दय वाटला. मग पूर्व जर्मनी आठवली आणि वाटले, असा नियम नसेल तर प्रत्येक जण "मला ठाऊक नव्हते" म्हणेल आणि त्यातले निम्मे खरेही बोलत असतील. माझे मत अजून या दोन टोकांच्या मध्ये झोके घेते. दम्याच्या रुग्णांसाठी आता वाट निघाली आहे, हे खरे. साल्ब्युटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेत चालतो, एफेड्रिनलाही लघवीच्या एका मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि ज्याला औषधावाचून गत्यंतर नाही त्याने आधीच परवानगी मागायची सोय आहे. डीमाँट पन्नास वर्षांनी जन्मला असता तर कदाचित पदक घेऊन घरी गेला असता. पण त्यासाठीही कोणी तरी तो कागद पुढे पाठवावाच लागला असता.

कोरियाच्या पार्क टे-ह्वानची गोष्ट वाचताना माझा झोका नियमाच्या बाजूला झुकला आणि तिथून परतही आला. हा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा ४०० मीटरचा विजेता. २०१४ मध्ये एका दवाखान्यात त्याला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दिले गेले. डॉक्टरांनी यात बंदी घातलेले काही नाही असे सांगितले होते, असे त्याचे म्हणणे. बंदी आली अठरा महिन्यांची, आणि त्याच वर्षीच्या इंचॉन आशियाई स्पर्धेतली त्याची सहा पदके गेली. ती पदके त्याने ज्या तरणतलावात मिळवली होती, त्याला त्याचेच नाव दिलेले होते. पाटीवर स्वतःचे नाव असलेल्या पाण्यात पोहून मिळवलेली पदके परत करताना माणसाला काय वाटत असेल, याचा विचार मी दुकान झाडताना एकदा बराच वेळ केला. ऑस्ट्रेलियाच्या शेना जॅकच्या बाबतीत तर गोळीही नव्हती आणि इंजेक्शनही नव्हते. २०१९ मध्ये तिच्या नमुन्यात लिगॅन्ड्रोल हे स्नायू वाढवणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात निघाले आणि ते कुठून आले, हे शेवटपर्यंत कळले नाही. क्रीडा लवादाने मान्य केले की तिने हे जाणूनबुजून केले असे दिसत नाही, आणि तरीही दोन वर्षांची बंदी कायम राहिली. ती परत आली आणि २०२४ मध्ये पॅरिसला रिले संघात सुवर्णपदक जिंकली. पण त्या दोन वर्षांत तिने स्वयंपाकघरातला प्रत्येक चमचा संशयाने धुतला असेल, असे मला उगाच वाटत राहते.

चीनच्या सुन यांगचे पहिले प्रकरण वाचताना तर मी खुर्चीतून उठून वरच्या फळीकडे गेलो. २०१४ मध्ये त्याच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन निघाले आणि तीन महिन्यांची बंदी आली. हे औषध माझ्या दुकानात उजवीकडच्या वरच्या फळीवर असते. छातीत कळा येणारी म्हातारी माणसे ते महिन्याच्या महिन्याला नेतात. पेन्शनच्या दिवशी त्याचा खप जास्त होतो. मला ते आजवर म्हाताऱ्यांचेच औषध वाटत होते. त्याच औषधाचे अंश २०२१ च्या जानेवारीत चीनच्या तेवीस पोहणाऱ्यांच्या नमुन्यांत सापडले होते, हे जगाला कळले २०२४ मध्ये. ते ज्या हॉटेलात उतरले होते त्याच्या स्वयंपाकघरात त्या औषधाचे कण मिळाले आणि ते अन्नातून पोटात गेले, असे चीनच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सांगितले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ते मानले आणि कोणावर बंदी आली नाही. खरे काय ते त्या स्वयंपाकघराला ठाऊक. मी एवढेच लक्षात ठेवले की कण इतका लहान असला तरी यंत्राला सापडतो, आणि सापडलेल्या कणाचे पुढे काय होईल, हे बऱ्याच अंशी त्याच्यामागे कोण उभे आहे यावर ठरत असावे. शेना जॅकमागे एक वकील होता. तेवीस जणांमागे एक देश होता. आमच्या तलावावरच्या मुलीमागे मच्छीमार संस्थेचा एक सभासद आहे आणि पुडी बांधणारा मी.

आता मला जे सांगायचे आहे ते सोपे नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी, पोलीस भरतीच्या मोसमात, बाजूच्या गावचा एक पोरगा माझ्याकडे आला होता. रोज पहाटे तो हायवेच्या कडेने धावताना मला दिसायचा. पायात फाटके बूट, छाती भात्यासारखी. त्याला नॅन्ड्रोलोनची, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडची, दोन इंजेक्शने हवी होती. हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्यांसाठी डॉक्टर कधी कधी ते लिहितात, म्हणून माझ्याकडे ते असायचे. मी विचारले, "चिठ्ठी आहे काय?" तो म्हणाला, "आणून देतो, काकाजी." त्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू, बाप अंथरुणाला, हे मला माहीत होते, आणि हेही माहीत होते की चिठ्ठी येणार नाही. मी दिली. चिठ्ठी आली नाही. पोरगा भरती झाला. दोन इंजेक्शनांनी कोणी भरती होत नाही, तो त्यांच्याविनाही धावला असता, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे आणि औषधशास्त्रही बहुधा हेच म्हणेल. त्याने ती टोचून घेतली की नाही, हेदेखील मला ठाऊक नाही. त्याची लघवी कोणत्याही प्रयोगशाळेत गेली नाही. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर कधी भेटला तर तो गर्दीतून वाट काढत येतो, वाकून नमस्कार करतो, मला खिडकीची जागा मिळवून देतो. मी बसतो. बस लाखनीच्या पुढे जाईपर्यंत मला बाहेरचे काही दिसत नाही.

त्या चार गोळ्या परत करणाऱ्या मुलीला मी आठ-दहा वर्षांची असल्यापासून ओळखतो. तिने नाव विचारले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मी त्या रात्री अंथरुणावर पडून स्वतःला विचारला. पोरीने गावच्या औषधवाल्यावर भरवसा ठेवला असता. यदाकदाचित तपासणी झाली असती, बाटलीतले टर्ब्युटालिन निघाले असते, आणि तिला विचारले असते की हे कुठून आले. ती म्हणाली असती, आमच्या गावच्या काकाजींनी दिले. मग त्यांनी पावती मागितली असती. मी खोकल्याच्या बाटलीची पावती देतो काय? सुट्या चार गोळ्यांची? माझे दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडले असते आणि मी धूपकांडी लावून गल्ल्यापाशी बसलो असतो. आपल्याकडे २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी कायदा झाला, तोही मी डोळ्याला चष्मा लावून वाचला. त्यात स्वतःला शोधत होतो. नीट सापडलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पत्ता कापण्यापूर्वी तो उलटा करून पाहू लागलो. कात्री अशी चालवायची की नाव गिऱ्हाईकाच्या तुकड्यावर राहील. यात वेळ जातो, आणि गर्दीच्या वेळी लोक कुरकुरतात. कधी नाव एका टोकाला, घटक मधोमध आणि तारीख दुसऱ्या टोकाला असते. तेव्हा मी पुडीवर बॉलपेनने नाव लिहितो. एका म्हाताऱ्याने ती पुडी डोळ्यांजवळ नेली, अक्षरे न्याहाळली आणि विचारले, "हे का लिवलं, बापू? मले वाचता येत नाही." मी म्हटले, "असू द्या." त्याने ती खिशात घातली.

पंधरा दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली. नाक मोकळे झाले होते. मी न विचारताच तिने सांगितले की ती चौथी आली. घरी माय निरगुडीच्या पाल्याची वाफ देत होती, त्यावरच गेली. पण तिसऱ्या वळणावर श्वास पुरला नाही, भिंतीला पाय उशिरा लागले. पहिल्या तिघीच पुढे जाणार होत्या. मी विचारले, "तपासणी झाली काय तुमची?" ती म्हणाली, "नाही काकाजी. कोणी आलंच नाही तपासायला." मी काचेवरची धूळ पुसत राहिलो. जे माझ्या मनात आले ते तिच्याही मनात आले असणार, कारण ती क्षणभर खणाकडे पाहत होती, त्याच डावीकडच्या खणाकडे. मग तिने ओढणीच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. आजीची चिठ्ठी होती, भंडाऱ्याच्या डॉक्टरांची. तीन औषधे. दुसऱ्या ओळीवर ट्रायमेटाझिडिन.

मी फळीवरून दोन पत्ते काढले. पंधरा दिवसांचे औषध म्हणजे दीड पत्ता लागत होता आणि हात कात्रीकडे गेला. तिने काउंटरवर बोटे टेकवली. "काकाजी, कापू नका. दोन्ही द्या, आबा पुढच्या बाजारी पैसे देतील. आणि ही गोळी वेगळ्या पिशवीत द्या." मी तिच्याकडे पाहिले. "आजीची डबी आन् माझी डबी एकाच फळीवर राहते घरी," ती म्हणाली. "आजी गोळी तोडून खाते, चुरा पडते."

मी एका कागदी पिशवीत बाकीची औषधे घातली आणि दुसऱ्या पिशवीत दोन पूर्ण पत्ते. पिशवीचे तोंड दुमडून स्टेपलरने दोनदा दाबले. सायकलच्या एका मुठीला एक आणि दुसऱ्या मुठीला दुसरी पिशवी अडकवून ती पाळीच्या रस्त्याने गेली.